सहा नंबरच्या पंखाचा रिपोर्ट

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून माझं नाव निघालं आणि अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या भिंतीला लागून असलेल्या एका लष्करी डेपोत मी कारकून म्हणून लागले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बावीस वर्षांची होते. घाटकोपरहून साकीनाक्यामार्गे बसने जायचे, अर्धा रस्ता उभ्याने.

डेपोत अकरा विमानं होती. समुद्रावर टेहळणी करणारी, जुनी, पंख्याची. ज्या परदेशी कंपनीने ती बनवली होती तिने त्यांचे सुटे भाग बनवणं कधीच बंद केलं होतं. वरचा हुकूम मात्र साधा होता : नवी विमानं येईपर्यंत ह्यातली चार कायम उडती पाहिजेत. नवी कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे आमचा धंदा एकच. एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं. पाच नंबरचा पंप सातला, सातचं चाक दोनला. ज्यातून काढून काढून काहीच उरलं नाही ते विमान हँगरच्या मागे गवतात नेऊन ठेवायचं आणि वर्षभराने मोडीत काढायचं.

ह्या सगळ्याची कार्डं माझ्याकडे. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं एक कार्ड. तो किती तास उडाला, किती वेळा जमिनीवर उतरला, त्याचं आयुष्य किती उरलं. आयुष्य संपलं की तो भाग काढायचा, नाहीतर साहेबांच्या सहीने मुदत वाढवून घ्यायची. मुदतवाढीचा शिक्का माझ्याच खणात असायचा. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

रेकॉर्ड सेक्शनमध्ये लागलेली मी पहिली बाई. आणि कोट्यातली. पहिल्या दिवशी हँगरमधून चालत जाताना मागून आवाज आला, "इली बघ सरकारची सून." सगळे हसले. बोलणारे मिस्त्री होते.

मिस्त्री म्हणजे हँगरमधले सगळ्यात जुने फिटर. मूळचे कोकणातले, वडील गिरणीत होते, आता दहिसरला चाळीत राहायचे. रागावले, खूश झाले की मालवणी. विमानं आली तेव्हापासून ते ह्या विमानांवर होते. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे, मिस्त्री तिथेच. तरुण इंजिनियर पुस्तक उघडून बसलेला असायचा आणि मिस्त्री त्याच्या मागे उभं राहून नुसतं ऐकायचे आणि सांगायचे, "डावीकडचो तिसरो नळ." तोच निघायचा.

माझ्याशी त्यांचं वागणं कसं होतं ते सांगते. आमच्या खोलीबाहेर पाण्याचा माठ होता. तिसऱ्या दिवशी मी त्यातलं पाणी प्यायले. चौथ्या दिवसापासून मिस्त्री घरून बाटली आणायला लागले.  खंडेनवमीला हँगरमध्ये हत्यारांची पूजा व्हायची, पाने, ड्रिल, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू. प्रसाद मिस्त्री वाटायचे. बाकीच्यांच्या हातावर. माझ्या टेबलापाशी आले की कागदाच्या तुकड्यावर ठेवून कागद कार्डांच्या खणावर सरकवायचे. केळ्याचं पाणी सुटून कार्डं चिकटायची. मी ती पुसायचे. तीन वर्षं मी ती पुसली.

हे सगळं आधी सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते मला इतरांपेक्षा स्वतःला समजावून सांगावं लागतं.

परदेशी कंपनीकडून अधूनमधून सूचनापत्रं यायची. अमुक भाग असा तपासा, तमुक तसा बदला. इंग्रजीत, बारीक टायपात. मिस्त्री ती माझ्याकडे घेऊन यायचे. "वाच गो. माझो चष्मो घराक रवलो." मी वाचून मराठीत सांगायचे, ते मान हलवायचे आणि खाली सही करायचे. सही इंग्रजीत, झोकदार. कधी चष्मा घरी, कधी फुटला, कधी डोळे आलेत. तीन वर्षांनी मला शंका आली.

एक दिवस ते सूचनापत्र घेऊन आले तेव्हा माझ्या टेबलावर कँटीनची इंग्रजी नोटीस पडली होती. टाकी धुवायची असल्यामुळे बुधवारी कँटीन बंद. मी सूचनापत्र बाजूला ठेवलं, नोटीस उचलून त्यांच्यासमोर धरली आणि वाचल्यासारखं केलं. "मागच्या चाकांचं ग्रीस दर पंधरा दिवसांनी बदलायचं, मिस्त्री. असं आलंय."

त्यांनी कागदाकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. "ता मी आधीच सांगलेलंय," म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी खरंच दोन विमानांच्या चाकांचं ग्रीस बदललं. आणि बुधवारी डबा न आणता आले, कँटीनच्या बंद दाराशी जाऊन उभे राहिले. दारावर तीच नोटीस चिकटवलेली होती. ते तिच्याकडे बघत उभे होते, आणि मी खिडकीतून त्यांच्याकडे. मला इतका आनंद झाला होता की माझा डबा मला गोड लागला.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझं एकटीचं राहिलं नसतं. पण मिस्त्रींना मी वाट बघायला लावायला लागले. "जेवणानंतर या." "आत्ता नाही, साहेबांचं काम आहे." ते यायचे, दाराशी उभे राहायचे. हळूहळू त्यांना कळलं की मला कळलंय. त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी प्रसाद माझ्या हातावर ठेवला. "घे गो बाय," म्हणाले. मी तो घेतला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून दिला. खाल्ला नाही.

असं दोन वर्षं चाललं.

मग नवे साहेब आले. वर्दीतले, पण पार्ल्याचे, मराठी. आवाज कधी चढवायचे नाहीत. कुणाचंही ड्राफ्ट परत पाठवताना ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाईने गोल करायचे, इंग्रजी असेल तर स्वल्पविरामाला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, "ही विमानं किती चांगली आहेत हे मला ऐकायचं नाही. ती अजून तीन वर्षं लागणार आहेत. त्यानंतर ती भंगार आहेत. तीन वर्षांचा हिशोब मांडा." आम्ही दोघांनी बसून तो मांडला. कुठल्या विमानाचा कुठला भाग कधी संपणार, तेव्हा कुठल्यातून काढायचा, कुठलं विमान कधी मोडीत. भिंतीएवढा तक्ता झाला. मला ते काम फार आवडलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कार्डांमागे डोकं आहे असं मानत होतं. तक्त्यात सहा नंबर शेवटपर्यंत उडणाऱ्या चारांमध्ये होतं, कारण कार्डावर त्याचे तास सगळ्यात कमी होते.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी मिस्त्री माझ्या दाराशी आले. हातात कागद नव्हता.

"सहा नंबरचो डावो पंख गेलो," म्हणाले.

"म्हणजे?"

"थय धडाक जुळता ना, थय. रंग फुगलो हा. रिव्हेटीच्या कडेक पांढरी भुकटी. मी अंगठ्यान दाबून बघितलंय. मिठान खाल्ल्यान हा तेका आतसून. पापुद्रे सुटले आसतले."

"तपासणीत तर काही आलं नाही."

"तपासणी करणारो पोरगो वरसून बघता. माका कळता. पंख पडतलो एक दिवस, माणसा मरतली." मग थोडं थांबून म्हणाले, "रिपोर्ट लिव गो. मी सांगतंय, तू लिव."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं तर कागद समोरच होता, पेन हातात होतं. पाच मिनिटांचं काम.

"रिपोर्ट ज्याने बघितलं त्याच्या हाताने लिहिलेला लागतो, मिस्त्री. नियम आहे."

असा नियम नव्हता. मी तो त्या क्षणी केला.

"असो कसो नियम?"

"नवा आलाय. वाचला नाहीत तुम्ही?"

ते वळले आणि सरळ साहेबांच्या केबिनकडे गेले. दहा मिनिटांनी साहेबांनी मला सहाची कार्डं घेऊन बोलावलं. केबिनमध्ये दोन तरुण इंजिनियरही उभे होते. मिस्त्री टेबलासमोर, टोपी हातात.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या अंगठ्याला कळलं म्हणून मी विमान खाली बसवून ठेवू शकत नाही. लेखी द्या."

"तोंडान सांगतंय ना, सायब."

"तोंडी नाही चालत. हा कागद. हे पेन. इंग्रजी नको, मराठीत लिहा. आपल्या मालवणीत लिहा, हवं तर."

दोघे इंजिनियर हसले. मिस्त्रींनी पेन घेतलं. ते टेबलावर वाकले, आणि मला वाटलं की आता ते पेन ठेवून देतील, चष्म्याचं काहीतरी सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. कागदाच्या अगदी तळाशी, जिथे सही करतात तिथे, त्यांनी आपली झोकदार इंग्रजी सही केली. वरचा सगळा कागद कोरा. तो त्यांनी साहेबांकडे सरकवला.

"बाकीचा ती लिवात," माझ्याकडे बोट करून म्हणाले.

 साहेबांनी कागद बघितला, मग मिस्त्रींना बघितलं, मग मला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो, साहेब."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"म्हणजे दोन वर्षं ह्यांनी ज्या सूचनांवर सह्या केल्या..."

"त्या मी वाचून दाखवल्या होत्या, साहेब. शब्द न् शब्द." हे मी पटकन म्हणाले. स्वतःला वाचवायला. ग्रीसची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते.  साहेबांनी तो कागद नीट दुमडला, खणात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही जा, मिस्त्री."

सहा नंबर त्या दिवशी उडालं नाही, तेवढं साहेबांनी केलं. आठवड्याने एक्स-रे करणारी माणसं आली. पंखाचा मुख्य दांडा आतून खाल्लेला होता. पत्त्यांच्या कॅटसारखे पापुद्रे सुटले होते. एक्स-रेवाल्याने शीळ घातली. "हे कुणी पकडलं?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "आमच्या नियमित पाहणीत आढळलं." रिपोर्ट मी टाईप केला. त्यात मिस्त्रींचं नाव नव्हतं. साहेबांनी घालू नका असं सांगितलं नाही. मला सांगावं लागलं नाही.

रिपोर्ट गेला त्याच दिवशी साहेबांनी खणातून तो दुमडलेला कागद काढला.

"हा माणूस उडत्या विमानांवर नको. उद्या चौकशी झाली की निरक्षर माणसाच्या सह्या निघतील, आणि त्या तुमच्याही टेबलावरून गेलेल्या आहेत. ह्यावर अर्ज टाईप करा. नजर कमी झाल्यामुळे स्वखुशीने मोडणी विभागात बदली मागत आहे. सहीच्या वर नीट बसेल असं बघा."

मी टाईपरायटरवर आधी रद्दीवर मोजून बघितलं. किती ओळी, किती मोकळी जागा. मग तो कागद रोलरवर चढवला. सात ओळींचा अर्ज सहीच्या वर असा बसला की कुणालाही वाटावं, आधी अर्ज आणि मग सही. दुमडल्याची घडी तेवढी राहिली. साहेब म्हणाले, "सुरेख." पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

अर्ज टाईप केला त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. अर्जाचं नाही, केबिनमधलं. मिस्त्रींनी कोऱ्या कागदावर कशी सही केली ते हसत हसत सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. आई मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. पोस्टातल्या पैशासाठी अंगठा लावायची.

"आन् तू हसलीस?" तिने विचारलं.

"मी माठाचं पाणी बाटवल्यासारखं तो मला वागवायचा, आई. तुला सांगितलं होतं मी."

"सांगितलं व्हतंस."

"मग?"

"त्यानं वंगाळच केलं. मी कुठं न्हाई म्हन्ते?" ती भाकरी उलटत म्हणाली. "पोस्टातली बाई मला म्हन्ते, ए, अंगठा, पुढं ये. म्या जाते पुढं. तू तिच्यावानी झालीस, एवडंच."

मी ताटावरून उठले. बोलले, "तुम्ही लोक मुकाट्याने पुढे जात राहिलात म्हणून आम्हाला हे भोगावं लागतं." आईने ते ऐकलं नाही असं दाखवलं. नंतर ह्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पण पोस्टात तिच्याबरोबर जायचं मी टाळायला लागले. आधी मीच जायचे.

मोडणी विभाग म्हणजे हँगरमागचं गवत. नियम असा की मोडीत काढलेलं लष्करी विमान पुन्हा कुणाला उडवता येऊ नये, म्हणून त्याचा मुख्य दांडा गॅस कटरने तीन ठिकाणी कापायचा, मगच भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये टाकायचं. मिस्त्रींना पहिलं दिलं ते सहा नंबर. ज्याचा पंख गेल्याचं त्यांनीच सांगितलं होतं तेच. कोण म्हणतं योगायोग, मला माहीत आहे सहा बाद झाल्यावर नवा तक्ता कुणी केला. आम्ही दोघांनी.

मला प्रत्येक भागाच्या कार्डावर "मोडीत" शिक्का मारायला तिथे जावं लागायचं. मिस्त्री भाग काढायचे, त्याच्यावर कोरलेला नंबर मोठ्याने सांगायचे, मी लिहायचे. आकडे त्यांना उत्तम यायचे. सहा आठवडे आम्ही असे समोरासमोर होतो, आणि आकड्यांशिवाय एक शब्द बोललो नाही. दुपारी ते विमानाच्या पोटाखाली सावलीत डबा खायचे. हँगरमधली माणसं येताजाता ओरडायची, "काय मिस्त्री, पेपर वाचताय का?" जी माणसं वीस वर्षं त्यांना विचारून नटबोल्ट फिरवायची तीच.

कापायची वेळ आली तेव्हा पोरं कटर कुठेही लावायला निघाली. मिस्त्रींनी त्यांना बाजूला केलं. आधी पंखाखाली टेकू म्हणून दोन लाकडी घोडे लावले, मग पोटाखाली तिसरा. खडूने तीन रेघा मारल्या. "आधी ही. मगे ती. ह्या बाजून उभ्या ऱ्हवचा नाय." पंख कापला गेला तेव्हा तो जरासुद्धा आपटला नाही. घोड्यावर टेकला आणि तसाच राहिला. कापलेल्या जागी पांढरे पापुद्रे दिसत होते. मिस्त्रींनी त्यातला एक नखाने काढला, बोटांत चुरला आणि हात पुसला.

त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

"माझ्या त्या कागदार काय लिवलंस?"

मला खोटं सांगता आलं असतं. त्यांना कसं कळणार होतं? पण मी खरं सांगितलं, आणि ते चांगुलपणाने नाही. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

"नजर कमी झालीय, म्हणून इकडे बदली मागताय. स्वखुशीने."

"मी मागितलंय?"

"तुम्ही."

बराच वेळ ते कटरची नळी गुंडाळत राहिले. नळी नीट गोल, एकावर एक.

"मगे बरे आसत सायब," म्हणाले. "मागला आणि दिल्यानी."

त्यांच्या तोंडावर मला हवं होतं ते काही दिसलं नाही.

वर्षभराने त्यांची अठ्ठावन्न भरली. सेवानिवृत्तीचा समारंभ मोडणीवाल्यांसाठी होत नसे. ते शेवटच्या दिवशी गेटवर पास जमा करायला आले आणि शिपायाकडून पावती वाचून घेतली. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी हात पुढे केला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी पावती शिपायाकडेच धरली.

नवी विमानं आली. उरलेली जुनी चार ठरल्याप्रमाणे, तक्त्याप्रमाणे, गवतात आली. आता मोडणी कंत्राटदाराला दिली होती, कारण ते स्वस्त पडत होतं आणि आमच्याकडे ते काम जाणणारं कुणी उरलं नव्हतं. कंत्राटदाराने कुठूनतरी पाच माणसं आणली. घोडे लावले नाहीत. खडूच्या रेघा नाहीत. दोन नंबरचा पंख त्यांनी उलट्या बाजूने कापायला घेतला, तो मधेच मोडून खाली आला, आणि त्याखाली एका माणसाचा पाय घोट्यापासून गेला. मी खोलीतून आवाज ऐकला. आधी लोखंडाचा वाटला.

त्याला टेम्पोत घालून नेलं. त्याचं नाव रजिस्टरमध्ये नव्हतं, कंत्राटदाराच्या वहीतही नव्हतं. दुपारपर्यंत त्या जागेवर वाळू टाकली.

साहेब त्यांच्या बढतीच्या बदलीवर निघायचे होते. त्यांनी मला बोलावलं. अपघाताचा रिपोर्ट लगेच जायला हवा होता.

"कारण काय लिहू, साहेब?" मी विचारलं. "टेकू लावले नव्हते. कुठून कापायचं ते कुणाला माहीत नव्हतं."

"कामगाराचा निष्काळजीपणा," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. बहुतेक अर्धं मिनिट. खाली बघत होते, आणि मला स्वतःलाच कळत नव्हतं की मी काही बोलणार आहे की नाही. मग मी टेबलावर जाऊन तेच टाईप केलं आणि परत आणून दिलं. साहेबांनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि सही केली.